रिकाम्या तबेल्यातला शॉट

४ जानेवारी

प्रिय खडू,

चाळिशीच्या माणसाला खडू म्हणावं की नाही, यात माझे दोन दिवस गेले. शाळेच्या दाखल्यावरचं तुझं नाव लिहून पाहिलं, तर पत्राऐवजी नोटीस वाटायला लागली. तेव्हा खडूच. काडीसारखा बारीक आणि पांढराफटक होतास म्हणून तुझ्या आईने ठेवलेलं नाव, ते बदलायचा अधिकार मला नाही.

पाकीट बघून तुला वाटलं असेल, म्हातारा अंथरुणाला खिळला. तसं काही नाही. गुडघे सोडले तर सगळं जागच्या जागी आहे. तेव्हा नमनालाच घडाभर तेल न ओतता कामाचं लिहितो.

आपला सिनेमा परत येतोय. जुने बालचित्रपट हुडकून, त्यांच्या प्रिंट धुऊनपुसून पुन्हा पडद्यावर आणणारी एक कंपनी आहे. आपली रिळं त्यांना एका बंद थिएटरच्या माळ्यावर सापडली. एप्रिलमध्ये त्यांचा मुलांच्या चित्रपटांचा महोत्सव आहे आणि त्याची सुरुवात आपल्या सिनेमाने करायची म्हणतात. पोस्टरवर तुझा चेहरा असणार आहे. घोडागाडीवाल्याचा मुलगा शाळेतून धावत येतो, म्हातारा घोडा विकला गेलेला असतो, आणि रिकाम्या तबेल्याच्या दारात मुलगा नुसता उभा राहून रडतो, त्या शॉटमधला. एक मिनिट अकरा सेकंद. कंपनीत हा जुना संग्रह सांभाळणारी एक बाई आहे. ती म्हणाली, इतकं खरं रडणं तिने दुसऱ्या कुठल्याही मुलाचं पडद्यावर पाहिलेलं नाही.

आता घोडं कुठे पेंड खातंय ते सांगतो. सिनेमा पुन्हा दाखवायचा तर तिघांची लेखी संमती लागते. लेखक म्हणून माझी मी जागच्या जागी दिली. दिग्दर्शक म्हणून मास्तरांची, ती त्यांच्या मुलीने दिली. मास्तर गेल्याचं तुला मागे कळवलं होतं. तिसरी तुझी. तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि तुझ्या वतीने पालक म्हणून मीच सही ठोकली होती. आता ती चालत नाही म्हणतात. फॉर्म सोबत आहे. पेन्सिलीने फुली मारलीय तिथे सही कर आणि खाली तारीख घाल.

उगाच आढेवेढे घेत नाही. मला हे हवंय. पंचेचाळीस वर्षं मी मुलांसाठी लिहिलं. एकोणीस नाटकं, सहा सिनेमे, त्यातले चार डब्यातच राहिले. सशांचे, ढगांचे आणि हरवलेल्या बुटांचे संवाद किती लिहिले त्याला गणतीच नाही. त्यातलं उरलंय काय? मुलं मोठी होतात आणि विसरतात, ते बरोबरच आहे. गेल्या वर्षी दात घासण्यावर एक लघुपट लिहिला, त्यातसुद्धा किडलेल्या दाताची भूमिका कापली. हा एकच सिनेमा असा आहे, ज्याच्या पाटीवर माझं नाव बघायला मला अजून आवडेल.

त्या शॉटच्या दिवशी जे झालं ते तू विसरला नसशील. मीही नाही. मास्तर जुन्या वळणाचे, मुलाकडून काम काढून घ्यायची त्यांना तीच रीत माहीत. पण गेलेल्या माणसाशी आता काय भांडायचं?

तुझी लेक आठ वर्षांची झाली असेल. तिला आजोबांचे आशीर्वाद सांग. आजोबा आहेत हे सांगितलेलं असेल तर.

बाबा


२३ जानेवारी

प्रिय खडू,

तुझ्याकडे टपाल पोचायलाच पंधरवडा लागतो, हे मला पाठ आहे. तरी पोस्टमन जिन्यात आला की मी दाराशी जाऊन उभा राहतो. काल तो म्हणाला, "काका, तुमचं काही असलं तर मी बेल वाजवीन हो. कशाला त्रास घेता?" मी म्हटलं, गुडघ्यांना व्यायाम.

परवा कंपनीत जाऊन प्रिंट पाहिली. चौदा खुर्च्यांची खोली, त्यात एक मी आणि एक ती संग्रहवाली बाई. सिनेमा इतका लख्ख केलाय की घोड्याच्या मानेवरची माशीसुद्धा दिसते. मला आपलं वाटत होतं की घोड्याचं काम कसं झालंय ते बघू. मी जातीचा घोडा ना. या धंद्यात मी शिरलो तेच घोड्याचे मागचे पाय म्हणून. मास्तर पुढचे पाय आणि तोंड, मी कमरेत वाकून मागे, वर गोधडी. दीडशे प्रयोग केले. मास्तर म्हणायचे, "पुढच्यांनी दिशा ठरवायची, मागच्यांनी नुसतं यायचं." नंतर त्यांनी नाटकं बसवली, मी लिहिली, तरी लोकांना मी हेच सांगत आलो. आपण मागचे पाय. जिकडे तोंड तिकडे आपण.

तो शॉट आला तेव्हा मी चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता.

दिवे लागल्यावर बाई पुस्तिकेसाठी माझी मुलाखत घ्यायला बसली. तिचा पहिलाच प्रश्न, "मुलाला रडवलंत कसं?" याचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. तीस वर्षं मी शिबिरांत ते देत आलोय. मुलाला म्हटलं, घोड्याचं नाव मनातल्या मनात दहा वेळा घे, आणि आठव्या वेळेला त्याचे डोळे भरले. इथे लोक नेहमी टाळ्या वाजवतात. बाईने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने लिहून घेतलं आणि विचारलं, "नाव काय होतं घोड्याचं?"

खडू, मला आठवेना. मीच ठेवलेलं नाव, नुकतंच पाऊण तास कानावर पडलेलं. मी म्हटलं, चहा घेऊ या.

घरी आल्यावर काम करायचा प्रयत्न केला. शनिवारी वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवतो, त्यासाठी एक अस्वलाची गोष्ट लिहितोय. सगळे आवाज मोठ्याने काढून पाहिल्याशिवाय मला लिहिता येत नाही, ते तुला ठाऊक आहे. शेजारीण दार वाजवून म्हणाली, "पाहुणे आलेत का? साखर हवी होती, पण नंतर येते." मी म्हटलं, या ना, एक अस्वल आणि दोन ससेच आहेत. ती हसली आणि साखर न घेता गेली. नंतर मी घरभर फिरून पाहिलं. तीन खोल्या, आणि बोलणारं माणूस एकच.

फॉर्म पाठव. नाहीतर नुसतं नाही म्हणून तरी लिही.

बाबा


१० फेब्रुवारी

खडू,

खाई त्याला खवखवे म्हणतात. पहिल्या पत्रात मी मास्तरांबद्दल दोन ओळी लिहिल्या, तेव्हापासून ते मलाच खवखवतंय. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, म्हणून त्याच्या खांद्यावर ओझं ठेवलं. तेवीस तारखेच्या पत्रातसुद्धा तेच केलं, गोधडी पांघरून.

त्या दिवशी मास्तर पुढचे पाय नव्हते. मी होतो.

जसं झालं तसं लिहितो. अकरा टेक झाले होते आणि तुला रडू येत नव्हतं. तू प्रामाणिकपणे प्रयत्न करत होतास, डोळे ताणून ताणून लाल केले होतेस, मध्येच विचारलंस, "कांदा आहे का कुणाकडे?" सगळे हसले. तबेल्याच्या दारावरचं ऊन साडेचारपर्यंतच राहणार होतं. मास्तर म्हणाले, "पाठमोरा घेऊ. मुलगा दारात उभा आहे आणि दप्तर खांद्यावरून घसरतंय, एवढं पुरे. बघणाऱ्या मुलांना कळतं." त्यांचं बरोबर होतं. आज माझ्या शिबिरात कुणी असं लिहून आणलं तर मी त्याला पहिला नंबर देईन. पण तेव्हा मी अडून बसलो. माझ्या कागदावर लिहिलं होतं, मुलगा रडतो.

तुझी आई दुसऱ्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. ते सगळ्या युनिटला माहीत होतं. मी मेकअपच्या बाईंना बाजूला घेऊन म्हटलं, तुमच्यावर त्याचा जीव आहे, तुम्ही त्याला एवढंच सांगा. त्यांनी मेकअपचा डबा बंद केला. "असलं बोलले तर माझी जीभ झडेल, लेखकसाहेब," म्हणाल्या, आणि डबा उचलून निघून गेल्या.

मग मी गवताच्या गंजीमागे बसलो आणि सीनच्या कागदाच्या पाठीवर चार ओळी लिहिल्या. दवाखान्यातून फोन आला होता, तुला सांगू नका म्हणाले, वगैरे. आणि शेवटी, गेली रे तुझी आई. हे सगळ्यात वाईट आहे म्हणून लिहितो. पहिल्यांदा मी 'आई' हा शब्द ओळीच्या सुरुवातीला लिहिला होता. तो खोडला आणि शेवटी नेला. मुलांच्या कानात शेवटचा शब्द राहतो, हे मी सगळ्यांना शिकवतो. तुझ्या जिवंत आईला मारायची ओळ मी दोनदा लिहिली, कारण पहिल्यांदा ती नीट बसली नव्हती.

मास्तर नाही म्हणाले. मी म्हटलं, मग मी पटकथा काढून घेतो. चाळीस माणसं खोळंबली होती. त्यांनी कागद हातात घेतला. मी स्वतः सांगितलं नाही, कारण मी थाप मारली की तुला माझ्या तोंडाकडे बघून कळायचं. मी कॅमेऱ्याच्या मागे उभा राहिलो आणि सेकंद मोजले. एकाहत्तर.

शॉट ओके झाल्यावर मी धावत येऊन तुला सांगितलं की सगळं खोटं होतं. व्यवस्थापकाच्या खोलीतून दवाखान्यात फोन लावला. आईने विचारलं, आवाज का रे बसलाय? आणि तू म्हणालास, "घोडा विकला ना." ती खूप हसली. तिला कधीच काही कळलं नाही. तू सांगितलं नाहीस, आणि मी तर नाहीच.

चार महिन्यांनी ती खरोखर गेली. मी तुझ्या मोठ्या मावशीकडे आलो. तू जमिनीवर बसून शाळेचा नकाशा रंगवत होतास. मी सांगितलं. तू माझ्या मागे पाहिलंस, मग माझ्या हातांकडे पाहिलंस, आणि अगदी शहाण्यासारखं विचारलंस, "रडायचंय का?"

तू रडला नाहीस. त्या दिवशी नाही आणि तेराव्या दिवशीही नाही. लोक म्हणाले, पोर दगड आहे. मी त्यांना गप्प केलं नाही. मावशी म्हणाली, याला माझ्याकडे राहू दे. मी राहू दिलं. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो.

तू आजवर मास्तरांना दोष देत आला असशील आणि मी फक्त गप्प उभा राहिलो एवढंच मानत असशील. मीही तुला तसंच मानू दिलं. झाकली मूठ. ती आज उघडली.

बाबा


२६ फेब्रुवारी

खडू,

एकवीस तारखेला पोस्टमनने बेल वाजवली. तुझं पाकीट. आत फॉर्म, माझ्या पेन्सिलीच्या फुलीवर तुझी सही, खाली तारीख. चिठ्ठी नाही. पाकीट उलटं करून झटकून पाहिलं, नाही.

मला किती आनंद झाला ते लिहायला लाज वाटते. मी इस्त्रीचा शर्ट घातला. शेजारणीला विनाकारण सांगितलं, मुलाचं पत्र आलंय. ती म्हणाली, "अरे वा, काय म्हणतो?" मी म्हटलं, मजेत आहे. कंपनीच्या दारापर्यंत गेलो. दरवानाच्या वहीत नाव आणि वेळ लिहायची असते. तारीख विचारायला मी त्याच्याकडे पाहिलं, आणि मग फॉर्मवरची तुझी तारीख नीट पाहिली. तीस जानेवारी.

म्हणजे दहा तारखेचं माझं पत्र तेव्हा लिहिलंच नव्हतं. तू जी सही केलीस ती माझ्या पहिल्या पत्रावर केलीस, ज्यात मी मास्तरांना पुढे केलं होतं. तुला अर्धवट काहीतरी सांगून मी तुझ्याकडून पुन्हा हवं ते काढून घेतलं. एकतीस वर्षांनी, तोच सिनेमा, तोच माणूस. फरक एवढाच की या वेळी मला कुणी मास्तर लागला नाही, पोस्ट खात्याने काम केलं.

खोटं कशाला सांगू, मी तिथे बराच वेळ उभा होतो. मनात म्हणत होतो की त्याला कळेलच आता, पत्र वाटेत आहे, त्याला नको असेल तर तो कळवील, फॉर्म देऊन तर ठेवू. दरवान म्हणाला, "आत जायचंय का आजोबा, की नुसते बघताय?" मी म्हटलं, आज नुसता बघतो.

घरी आलो नाही मात्र. वाचनालयाच्या पायरीवर बसलो आणि मग परत कंपनीत गेलो. संग्रहवाल्या बाईला म्हटलं, मुलाखतीतल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं दिलं, लिहून घ्या. आणि तिला सगळं सांगितलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. मला वाटायचं, हे सांगायला अख्खी रात्र पुरणार नाही. तिने पेन बंद केलं. म्हणाली, "हे छापू का?" मी म्हटलं, मुलाला विचारतो. "आणि त्याची संमती?" मी म्हटलं, आलेली नाही.

फॉर्म परत पाठवतोय. सही तुझी आहे, तुझ्याकडे राहू दे. फाड, ठेव, किंवा सगळं वाचून झाल्यावर पुन्हा कर. मी माझी संमती मात्र काढून घेतलीय. कंपनीने मार्चअखेरपर्यंत थांबते म्हटलंय, नंतर पोस्टर दुसऱ्या सिनेमाचं.

ओकतोच आहे तर शेवटचंही ओकून टाकतो. मावशीच्या घरी तू "रडायचंय का?" म्हणालास, तेव्हा माझी बायको जाऊन सहा तास झाले होते, पुढ्यात पोर होतं, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला माहीत आहे? काय वाक्य आहे! दोन वर्षांनी मी ते एका पिल्लू अस्वलाच्या तोंडी घातलं. चारशे प्रयोग झाले त्या नाटकाचे. त्या वाक्याला मोठी माणसं डोळे पुसायची आणि मुलं हसायची. मी विंगेत उभा राहून दोन्ही ऐकायचो. तुला कुणी ते नाटक दाखवलं नाही, हे तुझ्या मावशीचे उपकार. शनिवारसाठी लिहीत होतो ती गोष्ट याच अस्वलाची होती. आता ती पुढे जात नाही. मी वाचनालयात सांगितलं, दुसऱ्या कुणाचं तरी पुस्तक वाचतो.

मला तुझी खूप आठवण येते. हे मी कुठल्याच नाटकात लिहिलेलं नाही.

बाबा


८ एप्रिल

खडू,

हे पत्र टाइप केलेलं आहे. मला टाइप करता येत नाही, म्हणून आज तिसरा दिवस आहे. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी दुपारी दोन ते तीन त्यांचं मशीन मला दिलंय. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही बोला, मी भराभर टाइप करते." मी नको म्हटलं. त्या काही न विचारता दोन खुर्च्या सोडून पुस्तकांना कव्हरं घालत बसल्यात. जोडाक्षरं सापडत नाहीत. 'ज्ञ' लागू नये अशी प्रार्थना करत लिहितोय.

सिनेमा महोत्सवात दाखवला नाही. सुरुवात एका हत्तीच्या सिनेमाने झाली. मी गेलो होतो, मागच्या रांगेत बसलो. बरा होता. मला वाटलं होतं, फार वाईट वाटेल. तसं नाही वाटलं, कारण तुझं पत्र आदल्या दिवशी आलं होतं आणि मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

तुझं पत्र सोळा ओळींचं आहे. मला पाठ झालंय. त्यातलं काही इथे उतरवतो. तू लिहिलंस ते बरोबर वाचलंय ना, ते तूच बघ.

"मास्तर समोर येऊन उभे राहिले. कागद त्यांनी खाली धरला होता, म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर. मी तेवढाच उंच होतो. अक्षर तुमचं होतं. मी वाचायला शिकलो तेच तुमच्या कागदांवर. एक शब्द खोडून पुढे नेलेला दिसला. तुम्ही संवाद लिहिताना तसंच करता. म्हणजे हा संवाद आहे आणि आई आहे, हे मला मास्तरांनी तोंड उघडायच्या आधीच कळलं.

मी आईसाठी रडलो नाही. तुम्ही हे बसून लिहिलंत म्हणून रडलो.

तुम्ही सांगाल म्हणून मी खूप वर्षं थांबलो. जानेवारीत तुमचं पत्र आलं तेव्हा वाटलं, आता सांगतील. त्यात मास्तर होते. मग मी सही करून टाकली, की निदान हा विषय तरी संपू दे.

फॉर्म फाडला. सिनेमा मला नको आहे. तुमचं दहा तारखेचं पत्र ठेवलंय."

लहानपणी तू मला अरेतुरे करायचास. आता पत्रभर 'तुम्ही' आहे. मी ते मोजलं नाही, पण प्रत्येक ठिकाणी कळलं.

एकतीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की ते रडणं खरं आहे. खरंच होतं ते. मी समोर उभा राहून सेकंद मोजत होतो आणि तू माझ्यामुळे रडत होतास. नंतर आईला फोनवर घोड्याचं सांगून तू मला वाचवलंस. नऊ वर्षांच्या मुलाने मला पाठीशी घातलं, आणि मी त्याला मावशीकडे ठेवून घरी आलो. याला क्षमा मागायची कशी, ते मला माहीत नाही. मी चुकलो, असं लिहितो. लिहून ते फार लहान दिसतंय, तरी तेच लिहितो. मी चुकलो.

या मशिनवर वाक्यं उचलून मागेपुढे करता येतात म्हणे. ग्रंथपाल बाई दाखवत होत्या. मी शिकलो नाही.

तुझ्या पत्राच्या शेवटच्या तीन ओळी तुझ्या लेकीबद्दल असतील असं वाटलं होतं. तिच्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस, आणि मी विचारत नाही. तू लिहिलंस, "तुमचं अक्षर पाकिटावर दिसलं की ते पाकीट मी दिवसभर उघडत नाही. लिहायचं असेल तर लिहा. टाइप करून."

वाचून मी पत्राची घडी घालून खिशात ठेवली. मग उठून वाचनालयात आलो. पाकिटावरचा पत्तासुद्धा याच मशिनवर छापून चिकटवणार आहे, म्हणजे तुला ते आल्या आल्या उघडता येईल. तिकीट लावायचं काम ग्रंथपाल बाईंना सांगितलंय. खाली सही केलेली नाही.

बाबा